गढीवरचा काटा

बदलीला अठरा दिवस झाले होते.
कुणीतरी म्हणालं, रविवारी गढीवर जाऊ,
आणि मी हो म्हणालो, नावंही नीट पाठ नसताना.

तापीकाठी, केळीच्या बागांमागे
जहागीरदारांची गढी. चावी सुपडूच्या मामाकडे.
तबेल्यात आता ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी,
दिवाणखान्यात डागाळलेला आरसा, त्यात आम्ही पाच जण
आणि शाहीनच्या हातात भरताचा डबा.

कोठारात कापसाचा जुना काटा, तुळईला टांगलेला,
पारडं एवढं, की माणूस मांडी घालून बसेल.
‘बस ना भो,’ सुपडू म्हणाला.
बसलो.
समोर त्यांनी काय काय चढवलं:
दगडी वजनं, पाण्याचा कॅन, चपला, केळीचा घड,
शेवटी यमुनाताई स्वतःच, पदर खोचून.

साखळी करकरली. मी जमिनीवरून सुटलो.
‘धरा रे त्याले!’
हसता हसता मी वरून एकेकाला नावानं हाका मारत होतो.
भिरूड सरांना नेहेते म्हणालो.
त्यांनी ओ दिली.

परतताना शर्टावर गंज होता,
खिशात कळण्याच्या भाकरीचा चुरा.
सोमवारी तो शर्ट
धुवायला टाकायचा राहिला.