चार इसा अकरा

पहिल्या दिवशी साळवे मॅडमनी हजेरी घेतली,
म्हणाल्या, फ्रेंचमध्ये शेवटचा 'ए' मुका असतो.
झालं. पगारेंचा झाला पगार.
शरणपूर रोडवर, टायरच्या दुकानावरच्या त्या खोलीत
सगळ्या वर्गासमोर माझा पगार झाला
महिन्याच्या सतरा तारखेला.

त्याला दीड वर्ष लोटलं.
आता मी नवशिकी नाही, शिकलेलीही नाही.
चूक तोंडातून निघाली की लगेच कळते,
आणि कळूनही पुन्हा तीच निघते.

'र' काढायचा गुळणी करतात तिथून.
एक स्वर आहे, त्याला ओठ 'ऊ'चे
आणि आत जीभ 'ई'ची.
मखमलाबाद नाक्यावर बसची वाट बघत घोकत होते,
शेजारच्या पोरानं विचारलं,
मावशी, शिट्टी येत नाही का?

लिंगं दोनच. हे काही मला पटेना.
पाणी बाई. घर बाई. झाड बाप्या.
द्राक्षसुद्धा बाप्या, आणि त्याची वेल बाई.
मग आमचं 'ते' कुठे गेलं?
वाटणीच्या कागदावर
धाकट्याचं नावच घालायचं राहावं, तसं.

मुक्या अक्षरांचं मात्र मी मनावर घेतलं नाही.
वडिलांच्या हिशेबाच्या वहीत 'नांव', 'कांहीं', 'घरांत'
अशी टिंबं असत,
ना नाकात ना तोंडात, नुसती कागदावर.
आमच्या पुस्तकांपर्यंत ती पोचली नाहीत.
इथली मुकी अक्षरं अजून जागेवर आहेत,
पुढे स्वर आला तर बोलतातही.
संधीच की ही, मी म्हटलं.
आमचे हे तसेच. दिवसभर लिहिलेले असतात फक्त,
लेक दारात उभी राहिली की ऐकू येतात.

त्यांच्याकडे भूक 'असते', पिशवीत बाळगल्यासारखी.
मला ती लागते. ठेच लागते तशी.
यावर मॅडम थांबल्या,
आणि फळ्याकडे वळून बराच वेळ काही पुसत राहिल्या.

भूतकाळात कर्म आधी आलं
तर क्रियापदानं त्याच्या वळणावर जायचं, या नियमापाशी
पोरांनी डोकी धरली. मी हसले.
मी चिठ्ठी लिहिली, मी कागद फाडला:
करणारी मीच, पण ती 'ई' चिठ्ठीची,
तो 'ला' कागदाचा.
एवढं तर आम्ही दुधाच्या दातांनी बोलत आलो.

आकड्यांनी मात्र मला रडवलं.
एकोणसत्तरपर्यंत नीट, पुढे साठ-दहा, साठ-अकरा,
आणि ऐंशीपासून तर वाटच चुकते.

फेब्रुवारीत दिंडोरीला तोडणी सुरू होती.
मी प्रयोगशाळेतून साखरेचे आकडे घेऊन बाहेर आले
तर पिंपांचा माणूस उभा, बोर्दोचा,
हातात वही, क्रेटकडे बोट दाखवून विचारतोय, किती.
प्रश्न कळला. म्हणजे अगदी पूर्ण कळला.
उत्तर एक्याण्णव, तेही माहीत होतं.
तोंड उघडलं आणि आत कोणीच नाही.

मागून हौसाबाई गांगुर्डे ओरडली,
"चार इसा अकरा! चार इसा अकरा झाले गं!"

चार. वीस. अकरा.
कात्र. व्हँ. ओंझ.
मी नुसती तिची री ओढली.
त्यानं वहीत ९१ मांडले, मान वर केली
आणि भरभर कितीतरी बोलला,
उतारावर क्रेट सांडावं तसं.

हौसाबाईला मी सांगितलं, यांच्यातही इसानंच मोजतात.
"मंग कशानं मोजत्यात?" ती म्हणाली.
तिला नवल वाटलंच नाही.
"काय म्हनला पन तो?"
धन्यवाद म्हणाला. बाकीचं निसटलं.
"मंग इचार की. म्हनावं जरा हळू बोल."

'हळू'च्या आधी त्यांचा 'जास्त' लागतो,
आणि 'जास्त'मध्ये नेमका तोच स्वर.
हौसाबाई कात्री कमरेला खोचून बघत राहिली.
मी ओठ 'ऊ'चे केले,
आणि आतून 'ई' म्हटलं.