मागील कव्हर, आतील बाजू

साखर पेठेतल्या आमच्या छापखान्यात
आमदारांचा कार्यअहवाल आलाय.
बत्तीस पानं, आर्ट पेपर, पाच हजार प्रती,
शनिवारपर्यंत हवा.

प्रुफं माझ्याकडे.
मी कामं वाचत नाही, अक्षरं वाचतो.
'प्रगतीपथावर' एकोणीस ठिकाणी होतं,
सगळीकडे ती दीर्घ.
एकोणीस वेळा ऱ्हस्व केली.
कामं दीर्घच राहिली, ती माझ्या हातात नाहीत.

पान सातवर हायमास्ट.
आठवर नारळ, नऊवर तोच नारळ दुसऱ्या कोनातून.
पान चौदा मात्र दोनदा वाचलं :
विडी कामगारांच्या फंडाच्या अडकलेल्या रकमा,
तारांकित प्रश्न,
खाली मंत्र्यांचं उत्तर, 'हे अंशतः खरे आहे.'
माझ्या आईची रक्कम त्या 'अंशतः'त कुठंतरी असेल.
पण प्रश्न विचारला, हे पूर्णतः खरं.
तिथं स्वल्पविरामालाही हात लावला नाही.

मग शेवटचं पान.
'आपल्या सोयीसाठी उपयुक्त क्रमांक.'
तहसील, पाण्याची टाकी, रुग्णवाहिका, रेशन, निराधार कक्ष.
मालक म्हणाले, मागच्या अहवालावरनं उचल.
पण आकड्याला शुद्धलेखन नसतं,
चुकलेला आकडाही बरोबरच दिसतो.
म्हणून जेवणाच्या सुट्टीत, कडक भाकरी मोडत,
एकेक नंबर लावून बघितला.

पहिला वाजत राहिला.
दुसरा अस्तित्वात नाही.
तिसऱ्यावर देवीची आरती अख्खी ऐकली, कुणी आलं नाही.
निराधार कक्ष अर्ध्या रिंगमध्ये उचलला गेला.

"बोला. नवा अर्ज, का पगार थांबलाय?"
बाईचा आवाज, आणि त्याच्यामागं
पानं कातरणारी कात्री. ती मी झोपेतही ओळखतो.
विचारलं, कुठलं ऑफिस?
"ऑफिस कुठलं ओ. घर हाय.
भूदेवी गड्डम, विडी घरकुल.
मागच्या पुस्तकात शेवटी सहा पाहिजे होता,
नऊ छापला कुणीतरी."

कुणीतरी.
मी भाकरी खाली ठेवली.

"पहिल्या वर्षी लई शिव्या दिले बगा.
मग एक म्हातारी रडायली फोनवर, कन्नडमधी.
तिच्यासाठी गेले तहसीलला, विचारून आले.
तवापासनं वही केलीय.
हयातीचा दाखला तलाठ्याकडं,
मंगळवारी जायचं, सोमवारी साहेब नसतेत,
फोटो दोन म्हणतेत, तिसरा मागतेतच.
तेलुगू म्हणा, उर्दू म्हणा, येईल त्या भाषेत सांगते.
हात वळत असतेत, तोंड मोकळंच की."

मी म्हटलं, यंदा सहा करतोय, आता त्रास नाही.
कात्री थांबली.
"करा की. बरोबर हाय तेच करा."
आणि जरा वेळानं,
"त्या सहावर कोण उचलतंय का, बघितलाव?"

बघितलं.
दुपारभर, दर फर्म्यानंतर एकदा बघितलं.

संध्याकाळी आमदारांचे पीए सहीला आले.
फोटो मोजले, साहेबांचं नाव तपासलं,
शेवटच्या पानावर बोट थांबलं.
निराधार कक्षापुढं दोन नंबर,
एक सहाचा, एक नऊचा.
हा दुसरा कुणाचा?
म्हटलं, साहेब, हा लागतो.

त्यांनी खिशातला फोन काढला, लावला,
दोन शब्द ऐकले
आणि ट्रेडल मशिनच्या आवाजातनं वाट काढत दारापर्यंत गेले.
पाठ आमच्याकडे.
तरी तुटक तुटक कानावर आलंच :
सासूबाईंचा... सात महिने झाले...
हो... हो... तीन फोटो... मंगळवारी.

परत आले, सही केली.
माझ्याकडं बघितलं नाही.