आडोसा

मुहर्रकला मकीशेठच्या दुकानामागं
सहा झडपांचा एक आडोसा माझ्यापुढं उभा आहे.
लाकडी चौकटीवर मढवलेलं कातडं.
तीनशे वर्षांचं, असं शेठ म्हणतात.
मी बोट ओलं करून लावलं, वास घेतला.
वासराचं. कमावलं कुठल्या सालीत ते कळेना,
बाभूळ नाही एवढं नक्की.

सोनं वाटतं ते सोनं नाही.
खाली चांदीचा वर्ख, वर पिवळं रोगण.
बिजागऱ्या सोडवताना गुलरेज सुतार हसला,
म्हणाला, आपणही गावी गेल्यावर असेच दिसतो.

प्रत्येक झडपेवर ढाल, ढालीवर मुकुट,
दोन अंगांना दोन सिंह, मागच्या पायांवर उभे,
जिभा बाहेर.
ज्यानं ठसे उठवले त्यानं सिंह पाहिला नसणार.
ऑगस्टात बंदरावर सावली हुडकणारी कुत्री
अशीच दिसतात.

घराणं कुणाचं?
लिलावाच्या कागदावर नाव होतं,
त्यावर एसीचं पाणी ठिबकलं.
तेवढ्यात एक कुळ बुडालं.

चौथी ढाल मात्र कोरी,
खाऱ्या दमटानं सोलून काढलेली.
शेठ म्हणाले, काहीही उठव,
जुनं दिसलं म्हणजे झालं.

काहीही.
आमच्या घरात शिक्का आला तो एकच,
जातीच्या दाखल्यावरचा, तहसीलदाराचा,
जांभळा, अर्धवट उठलेला.
आणि बाप, पायताण पुरं झालं की
टाचेवर रापीनं दोन तिरक्या रेघा ओढायचा.
माल आपला, ओळखू यावा.
दोन महिन्यांत झिजायच्या रेघा
गिऱ्हाइकाच्या पायाखाली.

रात्री खोलीवर, खाटेला बांधलेल्या लुंगीआड
मी बराच वेळ जागा होतो.
पलीकडं कुणीतरी बायकोशी हळू बोलत होतं,
कापडाला कान असतात हे माहीत असल्यासारखं.

सकाळी कातडं भिजवलं, ढालीवर ओढल्या
दोन तिरक्या रेघा. काजळी चोळली. रोगण दिलं.
दोन्हीकडचे सिंह तसेच उभे,
त्यांना काही विचारलं नाही.

शेठनी चष्मा पुसला. कुठलं घराणं?
म्हटलं, कापशीचं.
त्यांच्या लिपीत प नाही.
त्यांनी वहीत लिहिलं: काबशी.

रिफाच्या एका बंगल्यात गेला परवा,
एसीचं धूड झाकायला.