सात बार

आमचा सातबारा एमआयडीसीत गेला
तेव्हा मी रांगत होतो.
पुढे हाती लागला तो सात बार,
गेजच्या काट्यावरचा.
अठ्ठावीस वर्षं. अंबड. कॉम्प्रेसर रूम.

हवेला वजन असतं, हे शाळेत शिकलो.
बिल असतं, हे इथे.
पोरं सुटताना नळीनं शर्टावरची धूळ उडवायची,
एकमेकांच्या मानेवर फुसकन सोडायची.
"हवाच तर आहे, गांगुर्डे!"
मी ओरडायचो, हवा नाही रे बाबांनो,
मीटर पळतोय तुमच्या अंगावरून.

जुना पिस्टनवाला धापा टाकायचा
चढावर जुंपलेल्या बैलासारखा.
मी दारातूनच सांगायचो,
व्हॉल्व्हची पट्टी तुटलीय, रिंग गेलीय,
फिल्टर कोंदलाय.
नाडीपरीक्षा म्हणायचे शिफ्टमधले.
सकाळी सहाला टाकीचा कॉक उघडायचा.
तिकडे रामकुंडावर लोक ओंजळीतून पाणी सोडत,
इकडे मी,
तपकिरी, तेलकट, गंजाच्या वासाचं.

आता स्क्रू आलाय.
दोन रोटर, मधे केसाएवढी फट,
फिरतात पण खेटत नाहीत.
मागाल तेवढाच पळतो.
जेवणाच्या सुट्टीत आपसूक मंदावतो.
पाणी स्वतः सोडतो,
स्वतःच्या तापावर वॉशिंगचं पाणी तापवतो,
आणि दुखायच्या आधीच पुण्याला कळवतो.
पुण्याहून एक मुलगा मला फोन करतो :
"काका, तुमचं बेअरिंग तीन आठवड्यांत बोलायला लागेल."
मी विचारलं, माझ्या गुडघ्याचं काही दिसतं का तिथे?
तो हसला नाही. बहुतेक शोधत असावा.

मग डिसेंबरातल्या एका रविवारी
हर्षाली धात्रक आली, सिन्नरची,
हातात कॅमेरा, पण आवाजाचा.
सगळी मशिनं बंद. शेडमध्ये थंडी अशी
की पाना हाताला चिकटावा.
आणि माझा कॉम्प्रेसर चालूच.
"कोणासाठी चालतोय, काका?"
मला उत्तर माहीत होतं. दिलं नाही.

ती वर बघत चालली,
पडद्यावर निळे-लाल ठिपके उमलत गेले.
कपलिंग. रेग्युलेटर. पेंट शॉपमागचं एल्बो.
प्रत्येकाला लाल टॅग, टॅगवर नंबर.
मी मागून, साबणाच्या पाण्याचा डबा
आणि दाढीचा ब्रश घेऊन.
मला एकही ऐकू आली नाही.
ज्या आवाजावर पोट भरलं
त्यानंच बारीक आवाज खाल्ले,
ईएसआयच्या डॉक्टरनं आलेख काढून दाखवला होता.

त्रेपन्नावी प्रेस शॉपच्या छताशी.
शिडीवर चढलो तर
टेफ्लॉन टेप माझ्याच हातचा,
खाली रंगानं लिहिलेलं : नि. गां., २००३.
हर्षालीनं फोनवर बोटं फिरवली,
"वर्षाला साडेनऊ हजार."
मी म्हटलं, गुणिले?
तिनं पडदा मिटला.
"ब्रश द्या काका, तुमच्या पद्धतीनं बघू."

फुगा धरला. वाढत गेला.
त्यात आख्खी ट्यूबलाइट मावली,
आमची दोघांची वाकडी तोंडं मावली.
मग नव्हता.
टॅग तिनं माझ्याकडे दिला. नंबर मी लिहिला.

पंधरा दिवस लागले सगळ्या बुजवायला.
भंगारवाला पिस्टन घेऊन गेला, किलोच्या भावानं.
पुढच्या रविवारी मी मुद्दाम आलो, घरी खोटं सांगून.
मोटर थांबलेली.
काटा सातवर.
डबा खाल्ला, काटा सातवर.
टाकीला हात लावून बसलो,
अठ्ठावीस वर्षांत ती पहिल्यांदाच थरथरत नव्हती.

चार वाजता सहा पूर्णांक नऊ.
हर्षालीला फोन लावला.
म्हटलं, एक राहिलीय गं
कुठेतरी.