एंटर

नारायण पेठेत, झेरॉक्सच्या दुकानामागे माझं टेबल.
कीबोर्डवरचा ‘क’ कधीच पुसला गेलाय.
धायगुडे साहेबांनी सात डायऱ्या आणून ठेवल्या,
पाटबंधारे खात्याच्या, जुन्या सालांच्या,
आणि म्हणाले, कादंबरी आहे.
परिच्छेद पाडायचा नाही. कुठेच नाही.
पाणी कसं, एकसारखं वाहिलं पाहिजे.

मी वाहू दिलं.
एकशेचाळीस पानं, दोन्ही कडा ओळंब्यात,
अवतरणचिन्हंसुद्धा नकोत, त्यामुळे
नवरा बोलतोय की बायको की भिंतीवरचा रेडिओ,
आणि दुपारची रात्र कुठल्या स्वल्पविरामात झाली
ते शोधत मी दोनदा मागे गेले.
मुद्रितं तपासणाऱ्या दातारबाई चष्मा काढून म्हणाल्या,
अगं, संध्याकाळी आप्पा बळवंत चौक ओलांडतेय असं वाटतं,
मधे टेकायला दुभाजकसुद्धा नाही.

मग पान एकशेएक्केचाळीस.
मुलगी घर सोडून जाते.
तिची सायकल जिन्याखाली तशीच होती दुधाच्या पिशव्या दोन आल्या एक नको होती.
त्यांनी तिथे पूर्णविरामही दिला नव्हता.
माझी करंगळी आपोआप गेली.
एंटर.
आणखी एकदा.

तिची सायकल जिन्याखाली तशीच होती.

दुधाच्या पिशव्या दोन आल्या. एक नको होती.

साहेब मुद्रितं बघायला आले.
बोट ओळींवरून सरसर चाललेलं, कोऱ्या जागेशी थांबलं.
मी घाईनं म्हटलं, कालव्यालाही दारं असतात ना, साहेब?
ते बोलले नाहीत.
चौथी डायरी काढली, पान माझ्याकडे वळवलं.
‘होती’पर्यंत निळी शाई.
‘दुधाच्या’पासून काळी.
इथे तीन वर्षं लिहिलं नव्हतं, म्हणाले.

मी अक्षरं बघत होते इतके दिवस. शाई बघितलीच नव्हती.

बाकी कुठे नको, एवढं एक राहू दे, म्हणून उठले.
त्या कोऱ्या जागेनं पुढची सगळी पानं
थोडी थोडी खाली सरकली,
आणि शेवटी एक नवंच पान पाडावं लागलं,
ज्यावर फक्त दोन शब्द आले.

पानाला तीस रुपये घेते मी.
त्या पानाचेही त्यांनी
मोजून दिले.