तेरावा महिना

आमच्याकडे तेरावा महिना खरोखरच असतो.
पागुमे. पाच दिवसांचा,
वर्षाच्या शेवटी ठिगळासारखा लावलेला.
त्या साली वोलोत दुष्काळ होता.
पागुमे सरला, नवं वर्ष लागलं,
आणि दुसऱ्याच दिवशी म्हाताऱ्या राजाला
लहानशा मोटारीत कोंबून नेलं.
आदिस अबाबाभर आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही.
त्या टाळ्यांची मला अजून लाज वाटत नाही.
लाजेची जागा पुढे आहे.

माझं अक्षर बरं, म्हणून मला केबेलेत घेतलं.
वस्तीची कचेरी: पत्र्याचं छप्पर, डुगडुगतं टेबल, एक शिक्का,
आणि सारखा वाळणारा शाईचा पॅड.
पहिलं काम साखरेचं.
दारोदार फिरून लिहिलं,
कुठल्या घरात किती तोंडं,
कोण शिकतंय, कोण रात्रपाळीला,
कोण गावाकडून आलेला पुतण्या.
लोक कॉफी पाजत. तिन्ही पेले झाल्याशिवाय उठू देत नसत.
वेर्कनेश म्हातारी म्हणाली,
"सात पिढ्यांत आमचं नाव कुणी कागदावर घेतलं नाही, बाळा.
नीट लिही."
मी नीट लिहिलं.

मग एका रात्री आमच्या अध्यक्षाला कुणी गोळी घातली.
भला माणूस होता, मुलांना अक्षरं शिकवायचा.
मारणाराही तेच करत असणार, पलीकडच्या वस्तीत.
दोन्हीकडची पोरं एकाच पुस्तकातली वाक्यं म्हणत होती,
स्वल्पविराम तेवढे वेगळ्या जागी.

त्यानंतर कुणी कुणाकडे सरळ बघेना.
तो मला मारील असं मला वाटतंय
हे त्याला कळलंय असं मला वाटलं.
एवढंच. एवढ्यावर माणूस आधी हात उगारतो,
आणि त्याला दक्षता म्हणतो.

वरून आकडा आला.
साखरेसारखाच: या केबेलेला इतके.
कमी भरले तर अध्यक्षच कच्चा,
जास्त भरले तर शाबासकी.
नव्या अध्यक्षाने विचारलं, यादी आहे?
होती.

सुक्याबरोबर ओलंही जळतं, सभेत कुणी म्हणालं.
निलगिरीच्या पाल्यावर चूल पेटवणाऱ्या बायका
मागच्या बाकांवर गप्प बसल्या होत्या.
तो पाला ओला असला तरी भडकतो
हे त्यांना विचारायला हवं होतं.

इयासूचा शेजाऱ्याशी कुंपणावरून तंटा होता, अकरा वर्षांचा.
त्याने तो क्रांतीच्या भाषेत सांगितला,
मी शुद्धलेखन सुधारून लिहून घेतला.
अशी तीन-चार कुंपणं त्या आठवड्यात मोकळी झाली.
आणि 'गावाकडून आलेला पुतण्या'
या रकान्यावर अध्यक्षाचं बोट थांबलं.

नकार दिला असता तर?
माझं घरही होतं त्या यादीत,
अठ्ठाविसाव्या ओळीत,
माझ्याच अक्षरात.

असरात सकाळी रस्त्याकडेला सापडला,
छातीवर पुठ्ठा. पुठ्ठ्यावरचं अक्षर माझं नव्हतं.
(हे मी किती वर्षं स्वतःला सांगत आलो.)
रडायला मनाई होती.
वेर्कनेशने नेतेलाचा पदर तोंडात कोंबला
आणि उभी राहिली, बस येणार असल्यासारखी.

महिनाअखेरीस ती साखरेला आली.
कार्ड पुढे केलं. चार तोंडं.
मी पेन उचललं, चाराचे तीन करायला.
ती म्हणाली, "खोडू नकोस.
तुझ्या वहीतून तरी त्याला जेवू दे."

मी चौघांची साखर मोजली.
तराजू हलत होता.
मागे रांग होती, आणि रांगेत कुणीच
म्हणालं नाही की तिला जास्त मिळतंय.