कार्ड क्रमांक नऊ

शनिवारी दुपारी, वेंगुर्ल्यात,
भूगोलाच्या प्रयोगशाळेत आम्ही समुद्र अंथरला.
निळी ताडपत्री. वाणिज्य विभागाच्या छपरावरून उतरवलेली.
तिला एक ठिगळ आहे, ते वादग्रस्त बेट धरलं.

देश तीन. नावं मीच ठेवली: सागवी, उत्तरकोट, मिठारी.
झेंडे मखराच्या उरलेल्या कागदाचे.
मग चिठ्ठ्या टाकल्या.
चिठ्ठीला कुणाचं घर ठाऊक नसतं.
तन्वेष कुबल, ज्याच्या बापाचे दोन ट्रॉलर मालवणात,
झाला मिठारीचा मत्स्यमंत्री;
लोकसंख्या चार हजार, होड्या वल्ह्यांच्या.
आणि रापणकरांची हर्षला तांडेल
झाली उत्तरकोटची पंतप्रधान.
पदरी तीनशे यांत्रिक नौका, शिवाय आरमार.

पहिला तास तन्वेष हसतच होता.
दुसऱ्या तासाला त्याने टेबलावर मूठ आपटली,
"आमच्या पाण्यात तुमची जाळी कशाला?"
आणि एकदम गप्प झाला,
जणू हे वाक्य त्याने आधी ऐकलं होतं,
पलीकडच्या बाजूला उभं राहून.

हर्षला थंड.
रोजगार, निर्यात, शीतगृहांची क्षमता.
"तुमच्या भावना आम्ही समजतो," असंही म्हणाली,
बंदर खात्याचा साहेब म्हणतो तसं,
खुर्ची न सोडता.
मी वहीत लिहिलं: उत्तम.
मग खोडलं.

सव्वाचारला कार्ड क्रमांक नऊ दिलं.
*तुमच्या तटरक्षकांनी मिठारीची होडी पकडली आहे.
अकरा खलाशी. निर्णयास वीस मिनिटं.*
तिचा सल्लागार झैद खतीब कानाशी लागला:
करार होईस्तोवर धरून ठेवू.
सल्ला वाईट नव्हता. मीच वर्गात तसं शिकवलंय.
तिने पेन उघडलं. थांबली.

"सर, हेंची नावां खंय आसत?"

नावं नाहीत, म्हटलं. खेळ आहे हा.
"मगे मी सोडू कोणाक? नि धरून ठेवू कोणाक?"

आठवडाभर बसून कार्डं केली होती मी,
चलनाचे दर, सुरमईची आवक,
त्या दिवशीचा वारासुद्धा लिहिला होता, वायव्येचा.

तन्वेष उठला. म्हणाला, "पहिलो, सावळाराम कुबल."
त्याचा आजा. वल्ह्यावरचा.
मग झैदने आपला चुलता दिला, आखातात बोटीवर असलेला,
ग्लेनिसने दोन भाऊ दिले, मागच्या बाकावरून कुणी शेजारी,
आणि दहावर यादी अडली.
अकरावं नाव कुणी देईना.
खेळातसुद्धा, जिवंत माणूस परक्या तुरुंगात कसा घालायचा?
माझ्याकडे बघितलं सगळ्यांनी.
मी घड्याळाकडे.

हर्षलाने दहा नावं वाचली, एकेक, मोठ्याने.
अकराव्या ओळीवर रेघ मारली.
आणि सही केली:
*ताब्यात ठेवा.*

मला वाटलं होतं, नावं कळली की माणूस विरघळतो.
तसं मी प्राचार्यांना लिहूनही दिलं होतं, उद्दिष्टांत, तिसरा मुद्दा.

नंतर चर्चेला खुर्च्या गोल केल्या.
काय शिकलात, असं विचारायचं असतं, विचारलं.
ती बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत राहिली.
"सही करताना हात थरथरलो नाय, सर.
तेचाच भय वाटला."

तन्वेष तिच्याकडे बघत होता.
रागाने नव्हे; घरचं कुणी ओळखू यावं तसा.

चौघांनी चार टोकं धरून समुद्राची घडी केली.
कपाटात बसेना. ठिगळ वर आलं.
ग्लेनिस म्हणाली, राहू दे, तसाच.

कार्ड नऊ माझ्या खिशात घरी आलं.
पुढच्या वर्षीसाठी नावं लिहायला घेतली आहेत.
दहापर्यंत सहज होतात.